टीव्ही-कॉम्प्युटरच्या वायरींचा गुंता: मातीच्या घरात काय करता?

काळी_माती

मंडळी, विषय किरकोळ वाटेल, पण आमच्या घरी सध्या यावरून रोज एक फेरी होते, म्हणून धागा काढतोय.

गाव दारव्हा तालुक्यात. घर अर्धं जुनं, मातीच्या भिंतींचं. अर्धं नवं, विटांचं अन् वर टिनं. टीव्ही जुन्या खोलीत, कारण मे महिन्यात टिनाखाली बसवत नाही. त्याच खोलीत पोरीच्या अभ्यासाचा कॉम्प्युटर आला, मागोमाग फायबरचा डबा आला. आता टीव्ही, छत्रीचा (डिशचा) सेटटॉप बॉक्स, सीपीयू, मॉनिटर, स्पीकर, फायबरचा डबा, मोबाइलचे चार्जर आणि होळीनंतर कूलर, हे सगळं एका कोपऱ्यात. भिंतीत पॉइंट दोनच, बाकी कारभार एक्स्टेन्शनच्या जिवावर. कोणती वायर कुठली हे शोधायचं तर एकाने टेबलामागे वाकून ओढायचं अन् दुसऱ्याने पुढून "हालली, हालली" म्हणायचं.

व्हिडिओ पुष्कळ पाहिले. सगळे फ्लॅटवाल्यांचे. भिंतीला ड्रिल मारा, पट्टी चिकटवा, टेबलाखाली ट्रे लावा. आमच्या भिंतीत ड्रिल घातलं की पोपडा निघतो आणि स्क्रूची गिट्टी आतल्या आत फिरत राहते. चुन्यावर चिकटवायचे हूक दुपारचं ऊन लागलं की खाली. वर दर आठवड्याला सारवण. सारवताना वायरी उचलून खाटेवर, वाळलं की परत खाली, आणि त्यात एखादी पिन अर्धवट निघून येते ती वेगळीच.

घरात दोन पक्ष आहेत. सौ.चं म्हणणं, आल्यागेल्याला एकही वायर दिसायला नको. माझं म्हणणं, वायर दिसलीच पाहिजे, फक्त जमिनीवर नको. कपाटामागे कोंबलेली वायर उंदराने कधी कुरतडली ते कळतसुद्धा नाही. तुमच्याकडे काय करता ते सांगा. शहरातले उपाय नकोत, हात जोडतो.

संत्राबाग

राजेहो, शहरातलं काहाले पाहता, वावरातलं पाहा ना. जुनी ठिबकची नळी असन ना घरी? १६ एमएमची लॅटरल? आमच्या वरूड-मोर्शीकडं तं बांधाबांधावर पडून राहते. ड्रिपर चोक झाले की लोकं नवी टाकतात अन् जुनी वेटोळी करून कोठ्यावर फेकतात.

पयले नळी आतून धुवा, शेवाळ अन् खताचा पांढरा थर राहते. मंग उन्हात सरळ ताणून ठेवा, नाहीतर थे पुन्हा गोल होते. मंग लांबीत एकच चीर द्या. एकानं दोन्ही हातानं नळी धरायची, दुसऱ्यानं कटर ओढायचं, अन् कटरचं तोंड धरणाऱ्याच्या हाताकडं नको. चीर पडली तरी नळी आपोआप मिटून राहते. वायर एका टोकापासून अंगठ्यानं आत दाबत जा. एचडीएमआयचं तोंड मोठं असलं तरी फरक पडत नाही, कारण थे आरपार ओवायचंच नसते, मधली वायर तेवढी आत जाते. छत्रीची वायर, एचडीएमआय अन् स्पीकरची, अशा तीन दाबून बसतात. जेथून एखादी बाहेर काढायची तेथं चिरेतूनच काढा. खर्च शून्य.

मोहफूल

भाऊ, कल्पना झकास. एकच विनंती, ती काळी नळी जमिनीवरून नेऊ नका. आम्ही कुरखेड्याकडचे. पावसाळ्यात मण्यार घरात शिरते. रात्री लाईन गेल्यावर टॉर्चच्या उजेडात काळं, लांब काही दिसलं की आमच्याकडे आधी काठी पडते, चौकशी मागून होते.

संत्राबाग

हाहा. ताई, हे खरं हाय. वर बांधा, हे सांगायचं राहूनच गेलं.

तारजोड्या

मूर्तिजापूरकडचा वायरमन आहे, तेव्हा थोडं मोडता घालणारं बोलतो, राग मानू नका.

संत्राबाग भाऊंची नळी छत्रीच्या वायरीला, एचडीएमआयला, स्पीकरला, लॅनच्या वायरीला एकदम योग्य. पण २३० व्होल्टच्या वायरी त्यात घालू नका, आणि सहा-सात एकत्र तर नाहीच. ठिबकची नळी पॉलिथिनची असते. पेटली की थेंब थेंब गळत जळते आणि जिथं थेंब पडेल तिथं पुन्हा पेटते. वायरिंगची जी पट्टी मिळते, केसिंग-कॅपिंग म्हणतो ती, ती पीव्हीसीची असते. तिला जाळ लागला तरी जाळ काढल्यावर ती विझते. दिसायला दोन्ही प्लास्टिकच, पण हा फरक मोठा आहे.

आता मातीच्या भिंतीचं. मातीच्या घरात वजन लाकडावर द्यायचं, मातीवर नाही. दाराची चौकट लाकडाची आहे, खोलीत एखादा खांब असेलच. चौकटीपासून खांबापर्यंत, कमरेच्या थोडं वर, चार बोटं रुंदीची एक लाकडी फळी आडवी स्क्रूने बसवा. जुनी सागाची मिळाली तर उत्तम. मग बोर्ड फळीवर, पट्टी फळीवर, खिळ्याच्या क्लिपा फळीवर. भिंतीला हातसुद्धा लावायचा नाही. खालून बाई बिनधास्त सारवू शकते.

खांब नसेल तर बाभळीची वाळलेली खुंटी, निमुळती करून. भिंतीत भोक पाडा, पाणी मारा, कुटार कालवलेली ओली माती आत भरा, मग खुंटी ठोका आणि पूर्ण वाळू द्या. ओल्यावरच वजन टांगलं की खुंटी निघणार. अशा दोन खुंट्यांवर फळी छान राहते. जुन्या लोकांनी कंदील, शिंकी, नांगराचे दोर सगळं खुंटीवरच टांगलं होतं, आपल्याला वायर टांगायला काय अडचण?

आणि कूलर त्या एक्स्टेन्शनवरून आजच काढा. कूलर भिंतीतल्या तीन पिनच्या पॉइंटवरच हवा. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप, आणि पाणी भरायला उघड्या पायाने जाणारी माणसं. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, पेपरात येतंच. पाणी भरण्याआधी पिन काढायची. खटका बंद केला एवढं पुरत नाही. खटका चुकून न्यूट्रलवर जोडलेला असेल तर बंद करूनही आत फेज जिवंतच राहते.

पुण्यातली_वैदर्भी

माहेर हिंगणघाट, म्हणून या धाग्यावर हक्काने आले. मला वहिनींची बाजू घ्यायची आहे. इथे घरात मी एक झाकणाचा खोका आणला, दोन्ही बाजूंना खाचा असलेला. एक्स्टेन्शन बोर्ड आणि चार्जरचे ठोकळे सगळे त्यात, झाकण लावलं की विषय संपला. आईकडेही असाच पाठवायचा विचार आहे. बाबांना तो गुंता दिसला की चिडचिड होते, आणि वायरींवर धूळही बसत नाही. वायर दिसली पाहिजे हा हट्ट कशाला?

तारजोड्या

ताई, खोका वाईट नाही. पण हिंगणघाटला पाठवण्याआधी उन्हाळ्याचा विचार करा. साध्या पीव्हीसी वायरीची सहनशक्ती ७० अंशांची. पुण्यात खोलीत ३० असेल तर वायरीला गरम व्हायला चाळीस अंश शिल्लक. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ जातो, म्हणजे पंचवीसही उरत नाहीत, आणि टिनाखाली त्याहून कमी. त्यात बंद खोका, आत तीन-चार अडॅप्टर स्वतःची ऊब सोडतायत, आणि उरलेली वायर वेटोळी करून आत दाबलेली. वेटोळ्यातल्या वायरीतून भार गेला की मधले वेढे सगळ्यांत जास्त तापतात, कारण त्यांना हवा लागत नाही. टीव्ही, राउटरपुरतं चालून जाईल. पण घरात बोर्ड आहे म्हटल्यावर एक दिवस कोणीतरी त्यात इस्त्री लावणारच.

हिशेब सोपा आहे. लहान तीन पिनचा बोर्ड ६ अँपिअरचा. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट. ३२ इंची एलईडी टीव्ही पन्नासेक वॅट, फायबरचा डबा दहा-पंधरा, कॉम्प्युटर शे-दोनशे. एवढ्याने काही होत नाही. इस्त्री हजाराची, पाणी तापवायचा रॉड हजार ते दीड हजाराचा. तो एकटाच बोर्ड जाळतो.

पऱ्हाटी

तारजोड्या भाऊंना अनुमोदन, आणि एक मुद्दा जो कोणी काढला नाही: कापूस.

आमच्याकडे राळेगाव भागात भाव येईपर्यंत कापूस घरातच असतो. दिवाळीपासून कधी कधी मार्चपर्यंत. पुढची खोली छतापर्यंत भरलेली आणि टीव्ही पण त्याच खोलीत, कारण दुसरी खोली नाही. कापसाची झड बारीक, हवेत उडते अन् बोर्डाच्या भोकांत जाऊन बसते. पिन सैल असली की आत ठिणगी होते, ती आपल्याला दिसत नाही, फक्त चर्रचर्र ऐकू येतं. कापूस आत असेपर्यंत आम्ही त्या खोलीत एक्स्टेन्शन ठेवतच नाही. टीव्ही स्वयंपाकघराच्या दारात येतो, आमची म्हातारी कुरकुरते, चालायचंच.

आणि उंदीर कापसासाठी नाही, तुरीसाठी, सोयाबीनसाठी येतात. पोती जिथं, उंदीर तिथं. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं, म्हणून वायरीला अन्नाचा वास नसला तरी तो सोडत नाही. डांबरगोळ्या टाकून पाहणारे पाहतात, उंदीर त्यांच्या बाजूने फिरतात. वायर पोत्यांपासून दूर, भिंतीला समांतर, हवेत. जिथं दुसरा इलाजच नाही, म्हणजे भिंतीच्या भोकातून वायर आत येते तिथं, लोखंडी पाइपचा तुकडा. वायर डोळ्यांसमोर असावी हे काळी_माती यांचं म्हणणं मला यासाठीच पटतं. कुरतडलेली जागा दिसली तर आपण वाचतो.

सेवाकेंद्रवाला

गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. आठ बाय दहाची खोली, त्यात कॉम्प्युटर, लेझर प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, कॅमेरा, लॅमिनेशन मशीन, यूपीएस, फायबरचा डबा. पीकविम्याच्या शेवटच्या तारखांना टेबलाभोवती माणसावर माणूस. कोणाचा पाय कोणत्या वायरीत अडकेल सांगता येत नाही, आणि अडकला की अर्धा भरलेला फॉर्म गेला. म्हणून सुरुवातीपासून काही गोष्टी ठरवून घेतल्या.

बोर्ड जमिनीवर नाही, टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूने उलटा. म्हणजे टेबलावरच्या वस्तूंच्या वायरी टेबलाखालीच संपतात, जमिनीवर येते ती एकच, भिंतीच्या पॉइंटकडे जाणारी. झाडू निर्वेध फिरतो.

उरलेली वायर कोपरावर गोल गुंडाळायची नाही. कोपरावर गुंडाळली की प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडतो, आणि सोडली की ती स्वतःभोवतीच फिरून गाठ मारते. अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये आठाचा आकडा काढत जा, मध्ये एक बंध. पीळ एकदा इकडे पडतो, एकदा तिकडे, म्हणून शेवटी सरळच निघते. बंधाला बाजारातले प्लास्टिकचे टाय आणले होते, पण प्रत्येक वेळी कापायचे म्हणजे वायरही कापायची भीती. काळी चिकटटेप तर आपल्या उन्हाळ्यात वितळून वायरीला काळा चिकटा सोडते. सगळ्यांत टिकला तो जुन्या खाटेच्या नवारीचा तुकडा. दुसऱ्या नंबरवर पोरांच्या फाटक्या सँडलचा चिकटपट्टा, तोच जो उघडताना खर्र आवाज करतो. सायकलच्या ट्यूबचे रबर बरेच जण लावतात, पण उन्हाळ्यात ते मऊ होऊन चिकटतात.

फायबरची ती पिवळी बारीक वायर मात्र कशानेच घट्ट बांधू नका. आत काच आहे. बोटाएवढ्या वळणात दुमडली की उजेड बाहेर सांडतो, डब्यावरचा लाल दिवा लागतो आणि आपण कंपनीला फोन करत बसतो. मोठं, सैल वळण द्या, चहाच्या बशीएवढं.

मॉनिटरच्या खोक्यातल्या थर्माकोलमध्ये वायरी खोचून ठेवू नका, हेही सांगतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे रसायन घालतात ते थर्माकोलात उतरतं, आणि वर्षभराने थर्माकोल वितळून वायरीला चिकटलेलं सापडतं. वायर तशी चालते, हात मात्र घाण होतात.

लेझर प्रिंटर आणि लॅमिनेशन मशीन यूपीएसवर नको. लेझर प्रिंटर शाई भाजायला आतला रोलर तापवतो, तेव्हा क्षणभर एवढी ओढ घेतो की छोटा यूपीएस ओरडून बंद पडतो. यूपीएसवर फक्त सीपीयू, मॉनिटर आणि फायबरचा डबा. त्या तीन पिनांना मी पिवळा धागा बांधलाय. लाईन गेली की पिवळा चालू, बाकी बंद.

काळी_माती

सेवाकेंद्रवाला, खूप कामाचं लिहिलंत. एक विचारायचं होतं. पोरगी म्हणते सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. चप्पल घातली की कमी. वायरी एकमेकींना लागतात म्हणून होत असेल का? सगळ्या वेगळ्या करून पाहिल्या, फरक नाही.

तारजोड्या

वायरींचा संबंध नाही. अर्थिंग नाही तुमच्याकडे, किंवा नावापुरतं आहे.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतली खरखर गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण त्याच वेळी टीव्हीला एचडीएमआय लावायला गेलात तर ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकतं. लोक म्हणतात वायर खराब निघाली.

त्याहून वाईट म्हणजे उद्या आत काही खरंच शॉर्ट झालं तर त्याला जायला वाट नाही. प्लगला मोठी, वरची पिन असते ती याचसाठी. लांब असते कारण ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी. आपल्याकडे लोक ती पिन कापून दोन पिनच्या पॉइंटमध्ये बसवतात, किंवा दोन पिनचा कन्व्हर्टर लावतात. टीव्हीला बहुतेक दोनच पिन असतात, मागे चौकोनात चौकोन अशी खूण दिसेल. त्याला अर्थिंग लागत नाही, तशीच त्याची बनावट असते. सीपीयूला लागतंच.

आपल्या काळ्या मातीत अर्थिंग पावसाळ्यात छान असतं आणि उन्हाळ्यात मरतं. भेगा पडल्या की मातीचा पट्टीशी संबंध तुटतो. म्हणून खड्ड्यात मीठ-कोळसा भरतात आणि वर पाणी घालायला पाइप ठेवतात. तो पाइप पोरं दगड टाकून बुजवतात, तो मोकळा करा. मार्चपासून अधूनमधून बादलीभर पाणी ओता. आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. अर्थिंग कच्चं असलं तरी माणसातून करंट जायला लागला की तो तोडतो. कूलरच्या घरात तर हवाच.

मोहफूल

आता मला ज्याची वाट होती तो विषय. वीज. म्हणजे आकाशातली.

आमच्या भागात जूनच्या आधीच्या गडगडाटात छत्रीवाल्यांचे बॉक्स जातात, टीव्ही जातात. घरात बहुतेक सासूबाई एकट्या, आम्ही शेतावर. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे वायरींवर चिठ्ठ्या चिकटवून उपयोग नाही. म्हणून ज्या ज्या पिना काढायच्या त्यांना लाल चिंधी. फ्रिजला नाही, बल्बला नाही. आकाश भरून आलं की लाल चिंध्या ओढायच्या, एवढंच सांगितलंय. यासाठी वायरी बांधून ठेवणं आणि वायरी सुटणं, दोन्ही साधावं लागतं. मध्ये बांधलेल्या, पिनेशी हातभर मोकळ्या. कपाटामागे, खोक्यात, टेबलामागे असल्या तर म्हातारं माणूस काढणार कसं? पुण्यातल्या ताईंनी राग मानू नये.

छत्रीची वायरसुद्धा काढायची असते, हे बरेच जण विसरतात. पिन काढली आणि छत्रीची वायर लावून ठेवली तर उपयोग अर्धाच. छत्री घरावर सगळ्यांत उंच, आणि तिची तांब्याची वायर थेट बॉक्सात. पण आधी बॉक्सची पिन, मग छत्रीची वायर. कारण बॉक्स त्या वायरीतून वर छत्रीच्या तोंडाला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवत असतो. चालू असताना स्क्रू फिरवला आणि मधली तार बाहेरच्या जाळीला लागली तर बॉक्सच बिघडतो. काढलेलं टोक टीव्हीपासून लांब, खिडकीकडे.

आणि हे सगळं आधी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंद आले म्हणजे दहा किलोमीटर, तोवर सगळं काढून झालेलं हवं. डोक्यावर कडकडायला लागल्यावर वायरींना हात लावायचा नाही, टीव्ही गेला तर जाऊ दे. मोबाइल असेल तर पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप आधी कळवतं, आमच्या गावात बरेच जण ठेवतात.

पुण्यातली_वैदर्भी

राग कसला, पटलं. आईला खोका नाही, लाल चिंध्या पाठवते. म्हणजे फोनवरच सांगते, चिंध्या तिच्याकडे ढीगभर आहेत.

संत्राबाग

मोहफूल ताई, अजून एक. छत्रीची वायर भिंतीच्या भोकातून आत घेतो ना, त्याच्याआधी बाहेर तिले खाली एक झोळ द्या. नाहीतर पावसाचं पानी वायरीवरून घसरत घसरत सरळ बॉक्सापर्यंत येते. झोळ दिला की पानी सगळ्यात खालच्या जागी टपकते. आमच्या शेजारच्याकडं मधली तांब्याची तार हिरवी झाली होती अन् थो म्हने कंपनीनं चॅनल बंद केले.

मोहफूल

हे माहीत नव्हतं. उद्याच पाहते.

काळी_माती

मंडळी, काम झालं बरंचसं. चौकटीपासून खांबापर्यंत फळी बसवली, पडक्या गाडीची सागाची मिळाली. २३० च्या वायरी पट्टीत, फळीच्या वरच्या कडेने. छत्रीची, एचडीएमआय आणि स्पीकरची ठिबकच्या नळीत, खालच्या कडेने. म्हणजे दोन जाती वेगळ्या राहिल्या. कूलरला खिडकीपाशी स्वतंत्र पॉइंट, तो वायरमनकडूनच घेतला. लाल चिंध्या तीन: टीव्हीचा बोर्ड, छत्री, सीपीयू.

सौ. म्हणाली फळी दिसते. त्यावर तिने भरतकामाचा पडदा टांगायचं काढलं होतं. मी पऱ्हाटी यांची पोस्ट वाचून दाखवली, कापूस आणि पिनेतली ठिणगी यावर. तडजोड अशी की फळीला भिंतीचाच रंग, पडदा फक्त टेबलाच्या पायांना, आणि बोर्ड उघडा. तिच्या माहेरचे आले तेव्हा कोणी विचारलं नाही. तिने मात्र स्वतःहून सगळ्यांना दाखवलं.

आता एक्स्टेन्शन बोर्ड बदलायचा आहे. जुन्यात पिना हलतात. काय पाहून घेऊ?

तारजोड्या

आयएसआयची खूण, पिना आणि सॉकेटसाठी आयएस १२९३ असं लिहिलेलं असतं. वायर तीन तारांची हवी, दोन तारांची आणि वर तीन भोकांचा देखावा असलेले बोर्ड बाजारात खूप आहेत, ते नकोत. वायरीवर १ किंवा १.५ स्क्वेअर एमएम लिहिलेलं पाहा. प्रत्येक भोकाला वेगळा खटका. दुकानात बोर्ड उलटा धरा, पिन घाला आणि सोडा. पडली तर परत द्या, लटकून राहिली तर घ्या. आणि लागेल तेवढ्याच लांबीचा. दोन मीटरला पाच मीटरचा घेतला की उरलेले तीन गुंडाळायचे, आणि वेटोळ्याचं वर सांगितलंच आहे.

आरसीसीबी बसवला का? त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर लाईन गेली तर ठीक. नाही गेली तर मला किंवा तुमच्या वायरमनला बोलवा.

काळी_माती

बाजाराच्या दिवशी दारव्ह्याला जातोय, दोन्ही आणतो. बटण पोरगी दाबणार म्हणते, तिची मालिका चालू नसताना.